दोन नळ्या आणि एक कबुली

नोकरीच्या बत्तीस वर्षांत मी पुष्कळ कबुल्या ऐकल्या. काही खऱ्या, बहुतेक अर्ध्या, काही सपशेल खोट्या. पण एक कबुली अशी होती, की ती देणारा माणूस माझ्याशी खोटे बोलत नव्हता आणि तरीही तो सांगत होता ते खरे नव्हते. तो दिवस मला आजही तासातासाने सांगता येईल.

गोवा घटकराज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मी डिचोली तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एका बाजूला खाणी आणि खनिजाचे ट्रक, दुसऱ्या बाजूला, लाटंबार्श्याकडे, भातशेती आणि काजूच्या बागायती. गुन्हेही त्याच रंगाचे. ट्रकांचे अपघात, फेऱ्यांच्या नंबरावरून ड्रायव्हरांची मारामारी, काजूच्या दिवसांत बिया चोरल्याच्या तक्रारी. खाणीवर आणि ट्रकांवर कामाला सिंधुदुर्गातून आलेली बरीच माणसे होती. तक्रार द्यायला आलेला माणूस मालवणीत बोलायचा, माझा हवालदार त्याला कोंकणीत विचारायचा आणि मी ते मराठीत लिहून घ्यायचो. बाहेर राजभाषेवरून केवढे वाद झाले होते, पण आमच्या ठाण्यात भाषेवरून कोणाचे अडत नसे.

एप्रिलचा महिना होता. दुपारी अडीचच्या सुमारास सरकारी इस्पितळातला शिपाई चिठ्ठी घेऊन आला. मारहाण, विषबाधा, अपघात असे काही दाखल झाले की इस्पितळाने पोलिसांना कळवायचे असते, त्याची ती चिठ्ठी. मजकूर असा होता: स्त्री, वय सुमारे बावीस. ओठ फुटलेला. नाकातून व हिरड्यांतून रक्तस्राव. दंडावर व मांडीवर काळेनिळे डाग. उजवे पाऊल व पोटरी सुजलेली. रुग्ण अर्धवट शुद्धीत, जबाब देण्याच्या स्थितीत नाही. मारहाणीचा संशय.

मी जीप काढून इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण होता, नोकरीला लागून वर्षही झाले नसेल. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताळलेले होते.

“वाचेल का?” मी विचारले.

“रक्त थांबत नाहीये. ओठाला दोन टाके घातले, तर टाक्यांच्या भोकांतूनही येतंय. आतही कुठे मार लागला असावा. रक्त चढवावं लागेल. गट तपासायला नमुना लॅबमध्ये पाठवलाय.”

खाटेवरच्या मुलीचे डोळे अर्धे मिटलेले होते. मी दोनदा हाक मारली. तिने ओठ हलवले, शब्द उमटला नाही. उजव्या पायावर हळद आणि चुन्याचा वाळलेला लेप होता. मारलेल्या जागी घरच्या घरी लावलेला उपाय, असे मी धरून चाललो आणि वहीत तशी नोंदही केली.

तिला घेऊन आलेली शेजारीण बाहेर बांकावर बसली होती. तिने सांगितले, ते थोडक्यात असे. नवरा खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर. लग्नाला चार वर्षे झालेली, मूल नाही. सकाळी काळोख असतानाच त्यांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला होता. मग ट्रक गेल्याचा आवाज. दुपारी एकच्या सुमारास नवरा परत आला आणि थोड्या वेळाने तिला दोन्ही हातांवर उचलून रस्त्यावर धावत आला.

“माझ्या घोवाचो टेंपो आसलो, तातूंत घातली तिका,” शेजारीण म्हणाली. “हांव चडलें. तो चडलोच ना. टेंपो सुटलो आनी हो दुसरे वाटेन धांवलो.”

मारून पळून गेलेला नवरा. यापुढे विचार करायला फारसे काही उरले नाही, असे मला वाटले. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत बाई गेली तर चौकशी मामलेदारांनी करायची असते, म्हणून मी त्यांना निरोप धाडला. मुलगी शुद्धीवर आलीच तर जबाबही त्यांच्यासमोरच घेतलेला बरा.

ठाण्यावर परतलो तेव्हा व्हरांड्यात दहा-बारा माणसे उभी होती. पुढे तिचा थोरला भाऊ. दोडामार्गाकडचा, साखळीत ट्रक दुरुस्तीच्या कामाला. कामावरच्याच कपड्यांत आलेला, हातांना ग्रीस.

“साहेब, माझ्या भयणीक मारल्यान हा तेना,” तो म्हणाला. “तेका आत घाला. नायतर आमच्या हातात द्या.”

“आमच्या हातात द्या” म्हणणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो, त्यांना काम द्यायचे असते. मी त्याला आत घेतले, खुर्ची दिली आणि तक्रार सांगायला लावली. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. लिहिताना मोठा आवाज आपोआप खाली येतो. मेहुणा आधी तिला मारत असे का, या प्रश्नावर मात्र तो थांबला.

“तापट हा. पण हात उगारल्याचा ती कधी बोलाक नाय. आमच्याकडे ती सांगणारच नाय, साहेब. तशीच हा ती.”

तक्रार लिहून होते तोवर हवालदार दारात आला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, शांत माणूस. हद्दीतल्या हॉटेलवाल्यांशी आणि कंडक्टरांशी त्याचे चांगले संबंध होते आणि आमच्या निम्म्या खबरा त्यांच्याकडूनच येत.

“साहेब, साखळेहून हॉटेलवाल्याचो फोन,” तो म्हणाला. “शर्टाक रगत लागलेलो एक मनीस स्टँडावयल्या बांकार तासभर बसला. दोडामार्गाची बस दोनदां सुटली, हो चडूंक ना.”

अर्ध्या तासात त्याला ठाण्यात आणले. सत्तावीस-अठ्ठावीसचा, अंगाने मजबूत, पण पाय ओढत चालत होता. पळायचा प्रयत्न त्याने केला नाही. भावाची माणसे बाहेर ओरडत होती, तिकडे त्याने मान वळवूनही पाहिले नाही. पंचांसमोर त्याचा शर्ट काढून घेतला, त्याला दुसरा दिला, पाणी दिले आणि आतल्या खोलीत समोर बसवले.

“काय झालं सकाळी?”

“मी तिका मारलंय, साहेब.”

“कशानं?”

“ढकललंय. जोरान ढकललंय. ती दारार आपाटली. तोंडातसून रगात इला.”

“कशावरून?”

“फाटेक माझी पयली फेरी. भाकरी झालली नाय. ती चुलीकडे बसान होती, पाय धरून. उठ म्हटलंय, उठाक नाय. माका वाटला ढोंग करता. मगे मी ट्रक घेवन गेलंय. दुपारी इलंय तर ती तशीच. सगळा लुगडा रगतान भिजलला. तोंडातसून, नाकातसून. मी मारलंय तिका, साहेब.”

“पळालास कशाला?”

“भियेलंय. तिच्या आवशीक काय सांगू म्हणान बसलंय थयसर. बस इली की उठी होतंय, परत बसी होतंय.”

मी वही पुढे ओढली. “दंडावर, मांडीवर डाग आहेत. पाय एवढा सुजलाय. ते कशानं झालं?”

“माझ्यामुळाच झाला आसतला.”

“दांडा वापरलास?”

“वापरलंय आसात.”

मी हे लिहून घेतले. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे शिपाईसुद्धा जाणतो. पण ऐकणारा अधिकारी माणूसच असतो. समोरचा ‘मी केले’ म्हणाला की त्याच्या मनातली फाइल मिटते. माझीही मिटली.

हवालदाराची मिटली नव्हती. त्याने मला बाहेर बोलावले. “साहेब, हो सगळ्याक हय म्हणटा. हांवें मुद्दाम विचारलें, ट्रकाचो पानो घेवन मारलें? हय म्हणालो. पानो ट्रकांत, ट्रक रस्त्यार. घरांत पानो खंयचो?”

त्याचे म्हणणे बरोबर होते. गुन्हा केलेला माणूस सहसा घासाघीस करतो. एक थप्पड मारली म्हणतो, दोन नाही. हा मागितल्यापेक्षा जास्त देत होता. मला ते दिसले आणि मी ते बाजूला सारले. “खचलाय तो,” मी म्हणालो. “उद्या नीट सांगेल.” अटकेचे कागद तयार करायला सांगून मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो.

पाच वाजून गेले होते. फोन वाजला.

“साहेब, मी इस्पितळातल्या लॅबमधून बोलतेय. दुपारची मारहाणीची केस तुमचीच ना?” बाईचा आवाज होता. “तिचं रक्त गोठत नाही, साहेब.”

“ते डॉक्टर म्हणालेच. रक्त थांबत नाही.”

“तसं नव्हे. नळीतलं म्हणते मी.” आणि मग त्यांनी मला, शाळेतल्या मुलाला सांगावे तसे, सावकाश सांगितले. रक्ताचा गट जुळवायला रक्त साध्या काचेच्या नळीत ठेवतात. थोड्या वेळात त्याची खाली गाठ बांधते आणि वर पिवळसर पाणी सुटते. त्यांना काम असते ते त्या पाण्याशी. त्यांनी या मुलीचे रक्त ठेवले, तासभर झाला, गाठ बांधलीच नाही. “मला वाटलं, माझीच चूक. गोठू नये म्हणून औषध घातलेल्या नळ्या असतात, त्यातली एखादी घेतली असेन. म्हणून वॉर्डात जाऊन परत रक्त काढून आणलं. तेही तसंच, पाण्यासारखं. ढकललं, मारलं म्हणून माणूस रक्तबंबाळ होतो, साहेब. पण त्याचं रक्त नळीत असं पातळ राहताना मी बघितलं नाही.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“चिठ्ठी पाठवलीय. ते दुसऱ्या केसमध्ये अडकलेत. पण एक गोष्ट इथे कोणाला ठाऊक नाही, ती तुम्हीच विचारू शकता. तिचा घरवाला तुमच्याकडे आहे म्हणतात. त्याला विचारा, काल-परवा तिला काय चावलं काय.”

“काय चावणार?”

“फुरसं. मी आधी पेडण्याला होते. काजूच्या दिवसांत असं रक्त तिथे दोनदा बघितलंय.”

फुरसे आमच्या भागात कोणाला नवीन नाही. वीतभर-हातभर लांबीचे, चिऱ्यांच्या सांदीत, पाचोळ्यात पडून राहते आणि मातीच्या रंगात दिसत नाही. चावले की पाय सुजतो आणि विष भिनले की रक्ताची गोठायची शक्ती जाते. हे सगळे मला ऐकून माहीत होते. इस्पितळाच्या चिठ्ठीत ‘उजवे पाऊल व पोटरी सुजलेली’ हे मी स्वतः वाचले होते. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायचे मात्र मला सुचले नव्हते.

मी आतल्या खोलीत गेलो.

“काल संध्याकाळी ती कुठे होती?”

त्याने चमकून वर पाहिले. तासाभरात त्याच्याबद्दल नसलेला तो पहिलाच प्रश्न होता. “लाकडां आणूक गेलली. काजीत.”

“आल्यावर काही म्हणाली?”

“काटो लागलो म्हणाली. हळद नि चुनो लावल्यान.”

“कुठल्या पायाला?”

त्याने आपल्याच उजव्या पावलाला हात लावला. “ह्या.” मग स्वतःहून पुढे बोलला, “राती पाय सुजलो. मी म्हटलंय, सकाळी बघूया. सकाळी मी…” तो एकदम उभा राहिला. “साहेब, तो काटो नव्हतो काय?”

मी बाहेर पडलो. जीपकडे जाताना फाटकाशी भाऊ दिसला. त्याला म्हणालो, “चल माझ्याबरोबर.”

त्याचा चेहरा उतरला. “गेली काय ती?”

“नाही. गाडीत बस.”

लॅब म्हणजे एक अरुंद खोली होती. खिडकीखाली टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, स्पिरिटचा दिवा, नळ्या उभ्या करायची लाकडी चौकट. लॅबच्या बाई चाळिशीच्या, बुटक्या, चष्मा लावणाऱ्या. त्यांच्यासमोर डॉक्टर उभा होता आणि दोघांचा वाद चालू होता. मी नवऱ्याने सांगितलेले डॉक्टरला सांगितले.

“काटा असू शकतो,” तो म्हणाला. “या नळ्या आपण साबणाने धुऊन वापरतो. साबणाचा अंश राहिला तरी रक्त गोठत नाही. आणि सर्पविषावरचं इंजेक्शन म्हणजे पाणी नव्हे. एखाद्याला त्याचीच प्रतिक्रिया येऊन तो दगावतो. तिच्या अंगात आधीच रक्त नाही. साप चावलाच नसेल तर मीच तिला मारल्यासारखं होईल.”

तो घाबरट नव्हता. त्याचा मुद्दा योग्य होता आणि बाईंनाही तो मान्य होता.

“म्हणूनच म्हणते, दोन नळ्या घेऊ,” त्या म्हणाल्या. “एकाच वेळी धुतलेल्या, एकाच चौकटीतल्या. एकीत तिचं रक्त, एकीत चांगल्या माणसाचं. वीस मिनिटं हात लावायचा नाही. दोन्ही पातळ राहिली तर नळ्यांचा दोष. मग मी तुमची माफी मागीन.”

“चांगल्या माणसाचं कुणाचं?” डॉक्टरने विचारले.

मी बाहीचे बटण काढू लागलो होतो. तेवढ्यात दारातून भाऊ पुढे आला. “माझां घ्या. तिचां नि माझां रगात एकच.”

बाईंनी त्याच्या दंडाला रबर बांधले. ग्रीस लागलेला हात स्पिरिटने पुसायला दोन बोळे लागले. मग त्या वॉर्डात जाऊन मुलीचे रक्त घेऊन आल्या. दोन नळ्या चौकटीत उभ्या राहिल्या, एकीवर चिकटपट्टीचा तुकडा. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, वेळ वहीत टिपली आणि स्टुलावर बसल्या.

आयुष्यात मी पुष्कळ वेळा वाट पाहिली आहे. नाकाबंदीवर, कोर्टाच्या व्हरांड्यात, मंत्र्यांच्या बंदोबस्तात. त्या वीस मिनिटांइतका लांब वेळ मला दुसरा आठवत नाही. डॉक्टर मध्येच वॉर्डात जाऊन आला. “नाडी उतरतेय,” एवढेच बोलला. भाऊ चौकटीसमोर वाकून उभा होता.

“साहेब, ह्या काय करतत?” त्याने हळूच विचारले.

मला समजले होते तेवढे मी त्याला सांगितले. त्याने नळ्यांवरची नजर काढली नाही. “म्हणजे तेना मारूक नाय?”

“मारलं की नाही ते नंतर. ती कशानं मरतेय ते आधी बघू.”

वीस मिनिटे झाली. बाईंनी आधी भावाची नळी उचलली आणि आडवी केली. रक्त हलले नाही. जेलीसारखा लालभडक गोळा नळीला धरून राहिला. मग चिकटपट्टीची नळी. ती नुसती कलती केली आणि रक्त घसरत तोंडापर्यंत आले. रंगीत पाणी असावे तसे.

डॉक्टर धावतच बाहेर गेला. आम्ही मागून पोचलो तेव्हा नर्स ओल्या कापसाने त्या पायावरचा हळद-चुन्याचा लेप धुऊन काढत होती. करंगळीच्या मुळाशी, टाचणीने टोचावीत अशी दोन भोके होती, अगदी जवळजवळ. भावाने ती वाकून पाहिली.

इस्पितळात औषधाच्या सहा कुप्या होत्या. “सुरुवात होईल, पण पुरणार नाहीत,” डॉक्टर म्हणाला. पेडण्याच्या आरोग्य केंद्रात साठा असतो हे लॅबच्या बाईंना ठाऊक होते. फोन लागेना, म्हणून मी वायरलेसवरून पेडणे ठाण्याला निरोप दिला. तिथल्या अधिकाऱ्याने एक प्रश्नही न विचारता आपली जीप काढली. अस्नोड्याला दोन्ही गाड्यांची गाठ घालायचे ठरले. आमच्या जीपमधून भाऊ गेला. परत आला तेव्हा कुप्यांचा खोका त्याच्या मांडीवर होता आणि वळणावर हिसका बसू नये म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी कवटाळला होता, असे ड्रायव्हर मला नंतर सांगत होता.

मी ठाण्यावर गेलो. अटकेच्या कागदांवर माझी सही व्हायची होती. ते कागद बाजूला ठेवून मी नवऱ्याला समोर बसवले.

“तिला फुरसं चावलंय. तुझ्या ढकलण्यानं ओठ फुटला, पण एवढं रक्त गेलं ते विषानं. अंगावरचे डागही त्याचेच. औषध चालू आहे.”

त्याला हायसे वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तो मान खाली घालून म्हणाला, “पण ढकललंय मीच, साहेब. पाय दुखता म्हणी होती ती.”

त्याला एका शिपायाबरोबर इस्पितळात पाठवले. व्हरांड्यातल्या एकाच बांकावर दोन टोकांना नवरा आणि भाऊ बसले, मध्ये शिपाई. शिपाई म्हणतो, त्याला मध्ये बसायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत असताना लॅबच्या बाईंचा फोन आला. “साहेब, वेळ असेल तर येऊन जा.” गेलो. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा हसरा होता. त्यांनी मुलीचे त्या सकाळी काढलेले रक्त असलेली, चिकटपट्टी लावलेली नळी घेतली आणि माझ्या तोंडासमोर सरळ उलटी धरली. एक थेंब पडला नाही.

“पळयात,” त्या म्हणाल्या. “गाठ बांधली.”

मी टोपी काढून हातात घेतली, एवढे आठवते. वॉर्डात मुलगी उशीला टेकून पेज घेत होती. ओठ सुजलेला असल्याने चमच्याने थोडी थोडी.

त्याच दिवशी घटनास्थळाचा पंचनामा केला. दाराच्या चौकटीला, बसलेल्या माणसाच्या ओठाच्या उंचीवर, रक्ताचा एक लहान डाग होता. दांडा, पाना, असे काही सापडले नाही. ती लाकडे गोळा करत होती ती जागा शेजारणीने दाखवली. काजूच्या झाडाखाली चिऱ्यांचा जुना ढिगारा होता. हवालदाराने काठीने एक चिरा कलता केला, तशी खालून करवतीने लाकूड घासावे तशी खरखर ऐकू आली. वेटोळे घालून अंगावर अंग घासणारे फुरसे. आम्ही चिरा होता तसा ठेवला आणि आजूबाजूच्या घरांत सांगून आलो.

तिसऱ्या दिवशी मामलेदारांसमोर तिचा जबाब झाला. आवाज बारीक होता, पण बोलणे स्पष्ट. काजूच्या बागेत काटा लागल्यासारखे झाले, पाचोळ्यात काही दिसले नाही, अंधार पडत आला होता म्हणून ती लाकडे उचलून घरी आली. रात्रभर पाय ठणकला. सकाळचे सांगायची वेळ आली तेव्हा ती थांबली. मामलेदार म्हणाले, “बाई, फुरशाचं ठरलंय. आता बाकीचं नाही सांगितलंस तरी चालेल.”

“नाय,” ती म्हणाली. “फुरशान चावला ता लिवा. नि ह्येना ढकलल्यान ता पण लिवा.”

“तक्रार करायची आहे का त्याच्यावर?”

“तक्रार नाय. पण लिवलेला व्हया.”

तिच्या शब्दांत ते लिहिले गेले. भावाने आपली तक्रार मागे घेतली. ढकलल्याची नोंद मी ठाण्याच्या अदखलपात्र नोंदवहीत केली आणि नवऱ्याला समोर बसवून वाचून दाखवली. त्याने मान हलवली आणि सही केली. आठवड्याने ती घरी जाताना स्वतः ठाण्यात आली, लंगडत. त्या नोंदीची नक्कल मागायला. अशा नोंदीची नक्कल मागणारी बाई माझ्या हवालदाराने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. आम्ही ती दिली. तिने चार घड्या केल्या आणि पोलक्यात ठेवली. नवरा फाटकाबाहेर तिची पिशवी धरून उभा होता.

पुढे माझी बदली झाली. सात-आठ वर्षांनी साखळीच्या बाजारात मागून हाक आली. तोच होता. केस विरळ झालेले, ट्रकाचे काम सोडून प्रवासी गाडी चालवत होता. ती बरोबर होती आणि तिच्या कडेवर मुलगी. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर तो म्हणाला, “साहेब, तुमचो कागद अजून हा. ट्रंकेत. वर्षातसून एकदा काढून दाखयता माका.”

“एकदा नाय,” ती म्हणाली. “दोनदा.”

दोघेही हसले. मीही हसलो. निवृत्त झाल्यावर कोणी विचारते, नोकरीत समाधान कशाने मिळाले. मी मोठ्या तपासांची नावे घेत नाही. कोणालाही शिक्षा न झालेली ही केस सांगतो.

त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. इस्पितळातून चिठ्ठी आली की जखमीला बघून मी परत फिरत नसे, आधी लॅबमध्ये जात असे आणि तिथल्या माणसाला विचारत असे, तुम्हाला काय दिसते. आणि आरोपी पटकन कबूल झाला की त्याला गुन्ह्याशी संबंध नसलेले चार प्रश्न विचारत असे. काल काय केले, घरात कोण काय म्हणाले. हाताखालच्या मुलांना मी हे शिकवले. काहींनी ऐकले.

कबुली मिळाली की पोलीस विचारायचे थांबतो. त्या दिवशी संध्याकाळी मी थांबलोच होतो. एका अरुंद खोलीत बसलेली एक बाई थांबली नाही. तिला कोणी तपास करायला सांगितले नव्हते. फक्त रक्ताचा गट विचारला होता.